मालावर कुणाला बसवू नको

नांदूरघाट,
पाडव्यानंतरचा बुधवार

चिरंजीव सोमेश्वर यास आजीचा लई लई आशीर्वाद.

आमी सगळे बरे हावोत. शेळीला दोन पाटी झाल्यात, एकीचं कपाळ पांढरं, लई गुणाची हाय. तुझी आई मंगल कारखान्यावरून आल्यापासून निस्ती झोपती. झोपू दे म्हणलं, सगळा हंगाम ऊस तोडलाय. माझं अक्षर साक्षरतेच्या वर्गातलं, वाकडंतिकडं असंल, समजून घे. फोनवरच बोलले असते, पण फोन पडला तुझ्या बहिणीचा, शिवकन्याचा, अन ती माझ्या तोंडालाच कान लावून बसती.

तिनंच मला सांगितलं. तू "आजीला सांगू नको" म्हणलास, म्हणून तर पहिलं मलाच सांगितलं! मांजरसुंब्याच्या घाटात, उतारावर मेंढरं आडवी आली, तू करकचून ब्रेक दाबलास, अन गाडीवर बांधलेले लोखंडी पाइप बोटभरबी सरकले न्हाईत. ऐकल्याबरोबर मी उठले अन देवापुढं गूळ ठेवला. मेंढरांना तर काय लागलं न्हाई ना?

तुझ्या गाडीला बाजूचे फाळके न्हाईत, निस्ता सपाट पाट, म्हणून मला पहिल्यापासून धास्ती. मी काय डायवर न्हाई, पण उसाच्या गाड्या भरण्यात जल्म गेलाय. भरलेला माल वाटंनं बसत जातो, अन बसला की दोर ढिला पडतो. म्हणून पहिल्या चहाला थांबलास की आधी पट्टे आवळायचे, चहा मागून. लोखंडाच्या धारंवर पट्टा घासून तुटतो, तिथं खाली बारदान घालत जा. पट्टा आखूड पडला म्हणून गाठ मारू नको, गाठीवरच तुटतो. गोल पाइपाला दोन्ही अंगानं लाकडाची पाचर ठोक. अन बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं बांध. माझ्या जुन्या लुगड्याचं फाडून देते, रंग अजून कसा भडक हाय बघ. तुझ्या आत्याच्या लग्नातलं ते.

अन मालावर कुणाला बसवू नको.

हे लिहायचंच न्हाई असं ठरवलं व्हतं, कारण तेवढ्यावरून घरात अबोला झाला. ऊसतोडीच्या टोळीतल्या उज्ज्वलानं मला सगळं सांगितलं. कारखान्यावरून गावाकडं निघताना तुझ्या बापानं, अंगदनं, टोळीला आवतण दिलतं, "माझ्या अंगणातलीच गाडी समजा, पेट्या-कोंबड्यासकट चढा वर!" अन तू म्हणलास, "दादा, तुमी अन आई केबिनमधी बसा. पाइपावर कुणी न्हाई." त्यावर अंगद कडाडला, "टोळी सोडून मी कसा बसू रे? कालचा डायवर तू!" सगळ्यांदेखत त्याची मान खाली गेली. सगळे एसटीनं आले. तवापासून तुझं नाव काढलं की उठून गोठ्यात जायचा.

परवा घाटाचं ऐकल्यावर म्हणतो कसा, "पाइप हलले न्हाईत ना? मग माणसं बी बसली असती!"

तवा माझ्याच्यानं राहवलं न्हाई.

तुझा आजा सटवा तापानं गेला, असं तुमा लेकरांना ठाऊक हाय. तसं न्हाई. उसाची गाडी भरली की आमच्यात कुणीतरी वर चढून बसायचं, माणसाच्या वजनानं माल दबून राहतो म्हणायचे. त्या दिवशी ते बसले. वळणावर गाडीनं गचका दिला. मोळ्या जाग्यावर, दोर जाग्यावर. बांधलेले नव्हते ते एकटेच, ते खाली पडले अन गेले. अंगद तवा झोळीत व्हता. त्याच्यापुढं ही गोष्ट मी कधी काढलीच नव्हती, ती परवा काढली.

तवा अंगद म्हणला, "आई, मी मंगलला वर बसवणार व्हतो."

दुसऱ्या दिवशी पारावर जाऊन सगळ्या टोळीला म्हणला, "पोराचं बरोबर व्हतं." उज्ज्वला काय गप बसती? म्हणली, "म्हंजी एसटीच्या गर्दीत माझी कोंबडी मेली, ती सत्कारणी लागली म्हणा!" सगळे हसले, तोबी हसला. मला तर हसू आवरंना, पदर तोंडात घातला. किती दिसांनी घरात आवाज आला, बाबा.

आता ऐक. धपाटे, शेंगाची चटणी अन ही चिठ्ठी शेजारच्या अभिमन्यूजवळ देणार व्हते, तो तुझी गाडी लागती तिथं, केजला, चाललाच हाय. तर तुझा बाप म्हणला, "मीच नेतो." पांढरा सदरा घातलाय अन दारात उभा हाय, घाई करतोय. तुझ्या गाडीपाशी येऊन पिशवी हातात देईल अन टायरं बघत उभा राहील. आपून होऊन एक शब्द बोलायचा न्हाई. वाचून झालं की चिठ्ठी खिशात घाल, केबिनचं दार उघड अन तूच आधी म्हण, "दादा, बसा."

लेक अन सून दोघं धडधाकट डोळ्यापुढं असलेली,
तुझी आजी
भिवराबाई