अर्धा डबा घासलेट

ता. ८ जानेवारी १८९५, मंगळ. कल्याण.
आज शेटनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. भातगिरणीत तेलावरचं नवं इंजिन येऊन महिना झाला, पण रोज घासलेट किती लागावं हे कोणाला सांगता येईना. इंजिनाबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी उघडलं. तासाला आठ पौंड, म्हणजे आठ रतल तेल. दहा तासांचे ऐंशी रतल. गॅलनला दहा रतल, हे शाळेपासून पाठ आहे. म्हणजे आठ गॅलन. चार गॅलनचा एक डबा, तेव्हा डबे दोन. उभ्या उभ्या सांगितलं, कागदसुद्धा मागितला नाही. शेट म्हणाले, "डोकं आहे, विनायकराव!"
इंजिन चालवणारा धर्मा मिस्त्री रोज अडीच डबे नेतो. शेटनी विचारलं, "मग अर्धा डबा जातो कुठे?" मी म्हटलं, ते सांगणं माझं काम नाही, आकडा तेवढा माझा. सगळे हसले. मीही. उद्यापासून तेलाच्या कोठीची किल्ली माझ्याकडे.

ता. ९.
दोनच डबे दिले. सातला सुरू केलेलं इंजिन तीनला बंद. भाताच्या गोण्या तशाच पडून. ध. कोठीच्या दारात आला. "रावसाहेब, दोन डब्यांत नाय भागाचा. इंजिन पितं तवराच मी ओततंय." मी त्याच्यापुढे पुस्तकाचं पान धरलं. त्याला वाचता येत नाही हे ठाऊक असून धरलं.

ता. ११, शुक्र.
काल इंजिन तीनला बंद. आज पुन्हा तीनला. शेट भडकले, कोपर गावातल्या ध.च्या घराची झडती घ्यायची म्हणाले. मला साक्षीला नेलं, मी नको म्हटलं नाही. घरात चूल, दोन जाळी, कोनाड्यात एक बाटली, निम्मी घासलेटने भरलेली. अशी बाटली आमच्या घरी आहे. आमच्या सबंध आळीत आहे. शेटचा माणूस ओरडला, "सापडलं!" तोवर अर्धा गाव जमला होता. ध.ची बायको दारात पदर घट्ट धरून उभी. ध. शेटच्या माणसाशी बोललाच नाही, माझ्याकडे वळला. "तुमी तरी सांगा, रावसाहेब. तुमी शिकलेलं."
मी बाटलीवर कागद चिकटवला, त्यावर त्याचं नाव घातलं, तेल होतं तिथे शाईची रेघ मारली. ध.ला कामावरून काढलं.

ता. १३, रवि.
सौ. जाळीच्या कपाटाखालच्या वाट्या धूत होती. मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली ठेवतो त्या. पाणी भरलं, वर घासलेटचे चार थेंब टाकले. थेंब पसरून पाण्यावर तरंगत राहिले. लग्नाला नऊ वर्षं झाली, दर रविवारी हे बघतो आहे.
तरंगतं. म्हणजे पाण्याहून हलकं. म्हणजे गॅलनला दहा रतल हे पाण्याचं, आणि मी ते घासलेटला लावलं.
जेवण गेलं नाही. सौ.ने विचारलं, "मीठ कमी पडलं का?"

ता. १४, सोम.
सातच्या आधी गिरणीत गेलो. गोण्या तोलायचा मोठा काटा मोकळा होता. एका पारड्यात भरलेला डबा, दुसऱ्यात रिकामा डबा आणि वजनं. बत्तीस रतल. माझ्या हिशेबाने चाळीस हवे होते. पुन्हा तोललं. बत्तीसच.
गॅलनला आठ रतल. ऐंशीला दहा गॅलन. अडीच डबे. ध. नेत होता तेवढेच, थेंब इकडे नाही की तिकडे नाही. दोन डब्यांत आठच तास चालणार, सातचं इंजिन तीनला थांबणार. रोज घड्याळ लावल्यासारखं तीनला थांबत होतं आणि मी त्यात चोर बघत होतो. लाज वाटते, लाज.
ठाण्याहून नवा मिस्त्री आला आहे. त्याचंही तीनला बंद. शेट : "हाही त्यातलाच निघाला!" मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी एका व्यापाऱ्याला माझी ओळख करून दिली. "आमचे विनायकराव. कागदावाचून हिशेब करतात." मी नमस्कार केला. बस, नमस्कार केला.

ता. १६, बुध.
पोटदुखीचं निमित्त सांगून कोपरला गेलो. वाटेत सगळं पाठ केलं होतं. ध. अंगणात जाळं विणत होता. मी म्हटलं, "धर्मा, माझ्या हिशेबात चूक झाली." तो हात न थांबवता म्हणाला, "मना ठावं हाय. इंजिन खोटा नाय बोलत. पन मना कोन इचारतंय?"
शेटला सांगतो म्हटलं. तेव्हा त्याने मान वर केली. "एकल्या शेटला नको. झडती घेतलीत ती गावादेखत. सांगाचा तर चारचौघांत सांगा. आन ती बाटली परत द्या. घरात अंधार हाय."
त्याची बायको बाहेर आली नाही. पाणीही विचारलं नाही, आणि का विचारावं?

ता. १७.
शेटना म्हटलं, उद्या नऊला सगळ्यांना काट्यापाशी बोलवा, तेलाचा हिशेब तोलून दाखवतो. खूश झाले. "नव्याची चांगली जिरवा!" त्यांना वाटलं ते वाटू दिलं. ध.ला निरोप धाडला आहे. गिरणीच्या कपाटातली बाटली घरी आणली, उद्या त्याच्या हातात द्यायची.
नोकरी जाईल. सौ.ला काही बोललो नाही.

ता. १८, शुक्र. सकाळ.
बाटली घ्यायला गेलो तर तेल रेघेच्या बोटभर खाली. सौ.ला विचारलं. "आपलं संपलं होतं. दिव्यात आणि वाट्यांत घातलं थोडं. का हो, कोणाचं होतं?"
या सबंध प्रकरणात चोरीला गेलं ते एवढंच घासलेट, आणि ते माझ्या घरात.
कोपऱ्यावरचं दुकान उघडलं की रेघेपर्यंत भरून घेईन. सव्वाआठ झाले. ध. आत्ता निघाला असेल.