पातेल्यातला दोष

३ मार्च

चि. सौ. सुगरण हिला ताईचे पोटभर आशीर्वाद.

धाकट्याच्या तपासणीचं आईकडून कळलं. शुक्राणू फार कमी निघाले म्हणे. आई दोन दिवस धड जेवलेली नाही. राग मानू नकोस, पण मी एका मासिकात वाचलं की सोयाबीनमध्ये बायकांच्या हार्मोनसारखं काहीतरी असतं आणि ते पुरुषांना बाधतं. आणि तू तर घरात सोया पनीरचा कारखानाच मांडलास! माझ्या भावाच्या डब्यातही रोज तेच. आई म्हणते, आता बंद कर. मलाही तसंच वाटतं. लग्नाला सहा वर्षं झाली, हट्ट पुरे.

रागावलीस तरी उत्तर धाड.

तुझी वन्सं

११ मार्च

ती. वन्संना नमस्कार.

रागावले आहे, तरी लिहिते. सहा वर्षं मी दवाखान्यांचे उंबरे झिजवले, सुया टोचून घेतल्या. माझे सगळे रिपोर्ट चांगले आले तेव्हा कुणाचं पत्र आलं नाही. आता ह्यांचा एक रिपोर्ट आला, तर दोष पुन्हा माझ्याच पातेल्यात सापडला!

डॉक्टरीणबाईंना मी पहिला प्रश्न तोच विचारला. त्या म्हणाल्या, ते द्रव्य आपल्या हार्मोनपुढे फार दुबळं असतं. एखाद्या अभ्यासात शुक्राणू थोडे कमी दिसले, पण नेहमीच्या खाण्यातल्या सोयाबीननं नुकसान होतं असं बहुतेकांत आढळलेलं नाही. त्यांना काळजी वाटली ती ह्यांच्या बेकरीतल्या भट्टीची, उष्णतेनं शुक्राणू घटतात म्हणे. बारा वर्षं हे त्या धगीसमोर उभे आहेत. शिवाय अंडकोषाची एक शीर फुगली आहे.

मागच्या खोलीत माझ्याबरोबर तिघी जणी राबतात. भिजलेलं सोयाबीन वाटायचं, दूध गाळून नासवायचं, फडक्यात बांधून दाबायचं. दुपारपर्यंत पाठीचा काटा ढिला होतो. मासिकातल्या चार ओळींसाठी मी हे बंद करणार नाही. आईंनाही तसंच सांगा.

मन मोकळं केलंय, मोठ्या मनाने वाचा.

तुमची सुगरण

१९ मार्च

ती. ताईस नमस्कार.

दोघींची पत्रं वाचली. हे मात्र आईला मोठ्याने वाचून दाखव. कमी माझ्यात आहे. लिहिताना लाज वाटेल असं वाटलं होतं, वाटली नाही. लाज वाटते ती सहा वर्षं गप्प बसल्याची. डॉक्टर माझीही तपासणी करा म्हणत होते आणि मीच टाळत होतो.

आणखी एक. मला सोया पनीर घशाखाली उतरत नाही. चार वर्षं सुगरणने दिलेला डबा मी आमच्या पाववाल्या गाडीच्या ड्रायव्हरला देत आलोय. तो मिटक्या मारत खातो. मागच्या महिन्यात त्याला जुळं झालं. काल हे तिला सांगितलं. आधी भडकली, मग हसत सुटली, मग पुन्हा भडकली. अजून नीट बोलत नाही.

भट्टी सोडून मी पीठ मळण्याच्या खोलीत आलोय. बावीस एप्रिलला शिरेचं ऑपरेशन आहे. मूल होईलच असं डॉक्टरीणबाई छातीठोक सांगत नाहीत. होईल तेव्हा होईल. नाही झालं, तर मुलाबद्दल जे विचारायचं ते यापुढे मला विचारा. तिला एक शब्द नाही.

ऑपरेशनला तू ये. आईलाही आण, पण सुगरणशी नीट बोलणार असेल तरच.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
धाकटा