उजवा दंड

धार, माघ वद्य तृतीया, शके १८२६

आज चौकात प्लेगच्या लशीवर तासभर बोललो. रक्त रोगाशी कसं लढतं, कॉलेजात शिकवतो तसंच सगळं सांगितलं. कुणी हललं नाही. समोरचा शिंपी म्हणाला, "भिया, पहले तम लगवाओ."

पाच वर्षं सशांना सुया टोचतोय, पण स्वतःला? घाबरलो. घाईत उजवाच दंड पुढे केला नि डोळे गच्च मिटले. लोक पोट धरून हसले, आणि हसत हसतच रांगेला लागले. मग तासभर कशाला बोललो मी?

आता उजवा हात उचलत नाही. आत्याबाईंनी वरणभात भरवला. म्हणाल्या, "एवढा शिकलास, जेवायचा हात विसरलास?"

हे डाव्या हातानं लिहितोय. प्रयोगशाळेत परतलो की आधी सशांची माफी मागायची.