भीतीचा रकाना

३ तारीख, सोमवार

आले एकदाची. बॅग खाटेखाली सरकवली, चहा घेतला आणि आधी ही वही उघडली. खोली लहान, पण खिडकी मोठी आहे आणि गादी चक्क कोरडी. माझ्यासारख्या नाकाने कांदे सोलणाऱ्या बाईलाही पहिल्या दिवशी नावं ठेवायला काही सापडलं नाही, म्हणजे नवलच.

इथे ज्यांची समज वयाबरोबर वाढली नाही अशी मोठी माणसं आठवडा-दोन आठवडे राहायला येतात. तेवढाच घरच्यांना विसावा. म्हणून यांना रुग्ण म्हणायचं नाही, पाहुणे म्हणायचं. सहा खाटा, पिवळे पडदे, प्रत्येकाच्या टॉवेलला वेगळी खुंटी. मी मदतनीस म्हणून लागले आहे, पण खरं कारण माझी ताई. ती सेहेचाळीस वर्षांची, मी तिच्याहून पाच वर्षांनी लहान, आणि तिची वेणी मात्र मी घालते. पंधरा तारखेला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तेवढे दोन आठवडे ताईला ठेवायचं कुठे? आईला हीच जागा पसंत पडली होती. मी म्हटलं, दुरून डोंगर साजरे, आधी मी आत जाऊन बघते. आई म्हणाली, मग बाई तू चढूनच ये.

इथल्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. कडक इस्त्री, मऊ आवाज. ताईसाठी त्यांनी मला आजच सवयींचा फॉर्म दिला. चार पानं! ताई कोणत्या कुशीवर झोपते, दूध किती कोमट लागतं, रुसली तर कोणती गोष्ट सांगायची, सगळं लिहीत बसले. कुणी आपल्या माणसाबद्दल इतकं विचारतं याचंच भरून आलं. शेवटचा रकाना उरला, 'कशाची भीती वाटते?' हात दुखायला लागला म्हणून तो मागे ठेवला.

५ तारीख, बुधवार

सध्या पाच पाहुणे आहेत. त्यातला शिट्टीवाला माझा लाडका. पन्नाशीचा गृहस्थ, दिवसभर एकच सूर वाजवतो आणि वाजवून झाला की माझ्याकडे असा बघतो, जणू मी टाळ्या वाजवायला विसरलेय. दुसऱ्या एक मावशी, रिकामी पर्स काखेतून सोडत नाहीत. मोठ्या बाईंच्या खोलीत तपासणीचे अहवाल लावलेत. तीन वर्षांत एकही तक्रार नाही, 'वातावरण शांत' या ओळीपुढे पैकीच्या पैकी गुण.

शांत आहे खरं. आमच्या घरी एकटी ताई घर डोक्यावर घेते, आणि इथे पाच जण असून चमचा पडला तरी ऐकू येतो.

एक गोष्ट मात्र खटकली. आयाबाई (इथे वीस वर्षं काढलेल्या) सकाळी एकाच फडक्याने पाचही तोंडं पुसतात. शेवटच्या तोंडापर्यंत ते फडकं कसं होतं, ते लिहीत नाही. भाजी, दूध, पाव आणि गोळ्या एकाच मगात ढवळतात. विचारलं तर म्हणाल्या, पोटात जाऊन एकच होतं ना? मी मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी आभार मानले आणि वहीत टिपून घेतलं.

८ तारीख, शनिवार

फडकं तेच आहे. मगही तोच.

आज दुपारी पाहुण्यांच्या घरच्यांचे फोन यायचे होते. शिट्टीवाल्याने सूर धरला आणि थांबेना. आयाबाईंनी कपाटाचा खालचा कप्पा उघडला, लाल फुगा काढला आणि अर्धा फुगवला. तेवढंच. शिट्टी तोंडातच मेली. तो भिंतीला चिकटला आणि उभ्या उभ्या कपडे ओले केले. आयाबाईंनी फुग्यातली हवा सोडली, थुंकी पदराला पुसली, आणि त्याच फडक्याने, तोंडं पुसायच्या फडक्याने, फरशी पुसली.



नंतर त्यांनी मला तो कप्पा कौतुकाने दाखवला. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, चिठ्ठीवर कुणासाठी ते. मावशींसाठी केस कापायचं मशीन, नुसतं चालू करायचं. कुणासाठी मुखवटा, कुणासाठी टाचण्यांची डबी. सगळं फॉर्मच्या शेवटच्या रकान्यातून घेतलेलं. बाकीचं कुणी वाचत नाही म्हणाल्या, वेळ कुणाला आहे? आणि मग, अगदी मनापासून, "आम्ही मारत नाही हो कुणाला. बोटसुद्धा लावत नाही."

१० तारीख, सोमवार

मोठ्या बाईंकडे गेले, जे बोलायचं ते बोलले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाल्या, शहाण्याला शब्दाचा मार असतो, यांना शब्द कळत नाहीत, मग आपण काय करायचं? घरच्यांनीच तर लिहून दिलंय. घरी जाताना माणूस किती निवळलेला असतो ते बघा, घरचे आमचे पाय धरतात.

सोडून जावं. पण आईची तारीख आठ महिन्यांनी मिळाली आहे, आणि बाकी दोन ठिकाणांनी ताईला नाही म्हटलंय, ओरडते म्हणून. शिवाय मी आहे ना इथे. माझ्या देखत तिला कोण काय करतं बघू.

शेवटचा रकाना आज भरला. 'कशाचीच नाही.' फॉर्म देऊन टाकला. स्वतःच्या हुशारीवर खूश झाले, खोटं कशाला बोलू.

१२ तारीख, बुधवार

आयाबाई रजेवर. मी एकटी, पाच जण. शिट्टी सकाळी सुरू झाली ती तीनपर्यंत. मावशी रडायला लागल्या, त्यांचं बघून बाकीचे.

मी फुगवला नाही. फक्त कप्प्यातून काढून हातात धरला.

त्याने माझ्याकडे बघितलं. टाळ्यांसाठी बघतो तसं नाही.

तीनदा हात धुतले. रबराचा वास जात नाही. आयाबाईंना नावं ठेवायला आता तोंड कुठलं आहे मला?

१५ तारीख, शनिवार

ताई आली. सगळ्यांना नमस्कार करत आली, शिट्टीवाल्यासाठी टाळ्या वाजवल्या. आईचं ऑपरेशन नीट झालं. उद्या-परवा मला दवाखान्यात थांबावं लागेल, दुसरं कुणी नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, निर्धास्त जा.

आयाबाईंना दहादा बजावलं. ताईला कशाचीच भीती वाटत नाही, फॉर्मवर लिहिलंय.

१७ तारीख, सोमवार

परत आले. ताई खाटेखाली. बाहेर येईना.

आवाज बसलाय. डोक्याच्या एका बाजूचे केस नाहीत. माझ्या हातची वेणी अर्धीच उरली आहे. फरशीवर फुटक्या फुग्यांच्या चिंध्या, गादीला ओलीचा आंबूस वास, कोपऱ्यात सांडलेल्या टाचण्या.

आयाबाई माझ्यावरच चिडल्या. रकान्यात 'कशाचीच नाही' लिहिलं की असं होतं म्हणाल्या. मग शोधावं लागतं. दोन दिवस कप्प्यातलं एकेक करून बघितलं, नुसती ओरडत राहिली, लागू काहीच पडत नाही. अजून दोन वस्तू राहिल्यात, त्या उद्या बघू.

ते मी लिहिलं. मी.

ताईला घेऊन निघाले होते. मोठ्या बाई दारातच भेटल्या. हळूच म्हणाल्या, न्या, पण मला शेरा लिहावा लागेल, 'आवरत नाही.' तो शेरा पडला की पुढे कुठेच घेत नाहीत, थेट मनोरुग्णालयाच्या त्या मोठ्या आवारात पाठवतात. तिथून सुट्टी नसते. तुमची आई तर अजून उभीही राहत नाही. आणि परवा तपासणी आहे, तोवर ही गप्प झाली तर शेरा कशाला लागतो?

बॅग परत खाटेखाली.

१८ तारीख

त्या दोन वस्तू काढून ठेवल्या होत्या. ताईने बघितल्या. मी सांगून टाकलं.

सांगितलं की ती एकाच गोष्टीला भिते. मी पाठ फिरवली, तिच्याकडे बघायचं बंद केलं की. मी सात वर्षांची असताना तिने माझी वही फाडली, मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसले. संध्याकाळी ती स्वतःचाच हात चावत होती, मी आहे का, मी आहे का, असं आईला विचारत होती. त्यानंतर मी कधी— आयुष्यात कधी नाही—

मोठ्या बाईंनी फॉर्म काढला. माझं उत्तर खोडून लाल पेनने रकाना भरला.

"म्हणजे कप्प्यात ठेवायची गरजच नाही," म्हणाल्या.

१९

तपासणीवाले खाली. चहा चाललाय. मोठ्या बाईंचं गोड गोड बोलणं वर येतंय.

मला खुर्ची दिलीय. भिंतीकडे तोंड. आयाबाई म्हणाल्या, लिहीत बसा, म्हणजे मान वळणार नाही. पंधरा मिनिटं फक्त. मी हो म्हणाले. कुणी हात धरून बसवलं नाही. बोटसुद्धा लावलं नाही.

आधी हाका मारल्या. माझं लाडाचं नाव घेऊन. मग रडणं. मग फरशीवर काहीतरी आपटतंय— परत— परत—

आता आवाज नाही. इतक्या लवकर होतं?

किळस येते. या हाताची. लिहितोय त्याच—

जिन्यावर बूट. दार उघडलं. कुणीतरी म्हणालं, किती शांत आहे इथे. कागदावर पेन फिरलं. दार लागलं.

आता माझ्या मागे पावलं. ताईच. श्वास मानेवर येतोय. ओलं काहीतरी माझ्या खांद्यावर ठिपकतंय, बघू नको, लिही—

"मी शहाणी झाले," म्हणते. आवाज उरलाच नाही तिला. "आता बघ ना."

पंधरा झाली. मोठ्या बाई दारातून सांगतायत, छान चाललंय, संध्याकाळपर्यंत राहू दे—

मी मान