वाचणारे आधी

३ जून
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरचं काम अखेर माझ्याकडे आलं. पेशंटचा चार्ट स्क्रीनवर दिसतो, पण आधीच्या प्रोग्रामरने सगळ्यांना एकच लॉक लावलंय. एक नर्स चार्ट बघत असली की बाकीच्या ताटकळत. मी रीडर-रायटर लॉक बसवणार. वाचणारे कितीही एकदम आत. लिहिणारा डॉक्टर मात्र एकटा, आत कुणी नसताना. सोपं आहे. म्हणजे मला.

६ जून
लॉक तयार. एक सुधारणा माझ्या पदरची : आत कुणी वाचत असेल तर नवा वाचणारा थेट आत, डॉक्टर दाराशी उभा असला तरी. वाचणारे ढीगभर, लिहिणारा एक. शेवटी लोकशाही आहे.
टीममधली चष्मेवाली म्हणाली, सर, वाचणाऱ्यांची रीघ तुटलीच नाही तर डॉक्टरांचा नंबर लागणार कधी? मी म्हटलं, डॉक्टरांनाही कळू दे वेटिंग रूम काय असते. सगळे हसले. ती नाही. विनोदबुद्धी शून्य.

१० जून
डेमो. स्क्रीन वाऱ्यासारखी पळाली. साहेब खूश. चष्मेवालीने साहेबांसमोर पुन्हा तेच तुणतुणं लावलं. नंतर साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं, मुलगी हुशार आहे, पण जळकी. मला कुणाचं वाईट चिंतायची सवय नाही. तिला बिलांच्या छपाईवर टाकलं.
निश्चय : उद्यापासून रागावर ताबा.

११ जून
ताबा सुटला. चूक चष्मेवालीची. माझ्याकडे बघत होती.

१७ जून
सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. खुबा मोडला. ऑपरेशन नेमकं त्याच हॉस्पिटलात! योग लागतो म्हणतात तो असा. बायको रडत होती. तिला मोबाईलवर ॲप टाकून दिलं. नातेवाइकांनाही चार्ट दिसतो, आणि उघडं असेपर्यंत ॲप तो सारखा वाचत राहतं. मावशा, आत्या, सगळ्या गोतावळ्याला लावून दिलं. सांगितलं, बंद करू नका, जावयाचं काम बघा. मेहुणा म्हणाला, भावजी, आईचं काय बघायचं ते सांगा. उद्धट.

१९ जून, दुपार
ऑपरेशन झकास. गोतावळा अजून ॲपवर. स्पीड जराही कमी नाही. ऊर भरून आला.

१९ जून, संध्याकाळ
किरकोळ अडचण. सकाळच्या इंजेक्शनने सासूबाईंच्या अंगावर पुरळ आलं होतं. डॉक्टरांनी लगेच चार्टवर लिहिलं, हे बंद करा. सेव्हचं चाक फिरत राहिलं. डॉक्टरांना वाटलं होईल सेव्ह, ते पुढच्या पेशंटकडे गेले. सिस्टरच्या स्क्रीनवर जुनंच इंजेक्शन. तिने दुसरा डोस दिला. सासूबाईंचा घसा सुजला, श्वास अडकला. आयसीयू.
बायकोने विचारलं, तुमच्या प्रोग्राममुळे झालं का? म्हटलं, नेटवर्क.

२० जून
साहेबांनीही विचारलं. त्यांना नेटवर्क पटेना. म्हटलं, कोडवर शेवटचा हात चष्मेवालीने फिरवलाय. तिला दुपारीच काढलं. वाईट वाटलं, पण संस्था मोठी, माणूस लहान.
पिशवी भरताना तिने विचारलं, सर, तुमच्या सासूबाई कशा आहेत? काय हा खोचकपणा!

२१ जून
ती गेली तरी डॉक्टर अडकतातच. साहेबांनी स्वतः कोड उघडला. लॉकच्या ओळीपुढचं माझं नाव वाचलं. मग केबिनमधून चष्मेवालीला फोन केला, परत ये म्हणाले. ती नाही म्हणाली. कृतघ्न.
रात्री बायको माहेरी गेली. आईचं घर झाडायचंय म्हणे. चार बॅगा घेऊन.

२४ जून
हॉस्पिटलने आमची सिस्टिम बंद ठेवली आहे. दुरुस्त होईपर्यंत औषधांचे बदल वॉर्डातल्या फळ्यावर. साहेबांनी माझी नेमणूक तिथे केली. ऑनसाइट! डॉक्टर सांगतात, मी खडूने लिहितो. सिस्टर म्हणाल्या, अक्षर जरा माणसासारखं काढा.
सासूबाईंना आज आयसीयूतून वॉर्डात आणलं. घसा बसलेला, तोंड अजून सुजलेलं. मी नमस्कार केला. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, सिस्टरला खुणेने जवळ बोलावलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, ‘‘जावईबापूंनी लिहिलंय का? मग डॉक्टरांना एकदा विचारून घ्या हो.’’
बायको, मेहुणा, सगळे उभे होते. मी मोठ्या मनाने म्हटलं, अवश्य विचारा.
सिस्टरने विचारलं.
खाटेचा नंबर चुकला होता.