जेलशिवाय केक

४ जुलै, भिगवण
यांना बारामतीच्या दवाखान्यातून घरी आणलं. हृदयाच्या नळीत जाळी बसवली. डॉ. म्हणाले, वनस्पती तूप, मार्गारिन बंद. खारी, क्रीमरोल तर नाहीच. हे म्हणाले, "डॉक्टर, आमची बेकरीच हाय." डॉ. हसले नाहीत.

६ जुलै
केक फुगायला घालतो त्या जेलचा डबा पहिल्यांदा वाचला. एवढी वर्षं नुसता उघडत होते. 'इमल्सिफायर ४७१'. डॉ.ना फोन केला. म्हणाले, तेल-पाणी एकजीव करायला घालतात, चरबीपासूनच बनतं. कुठली चरबी, ते डब्यावर नसतं. हृदयाला वाईट ते ट्रान्स फॅट थोडं असू शकतं. "पण ताई, त्याचा वाटा लहान. तुमच्या मार्गारिनचं आधी बघा." आमचं मार्गारिन सुटंच येतं, त्यावर काही लिहिलेलं नसतं. कुठं बघणार?

११ जुलै
जेल न घालता, मार्गारिनऐवजी लोणी घालून केक केला. मधेच बसला. खारीचे पापुद्रेही सुटले नाहीत. लासुर्ण्याच्या नेहमीच्या बाईंनी तुकडा तोंडात घातला. "वैनी, पयल्यासारखं न्हाय ओ." तशाच गेल्या.

१९ जुलै
कपाट भरलेलं. गिऱ्हाईक समोरच्या बेकरीत. शिळा माल गुरांना घातला. हे दारात उभे राहून समोरची गर्दी मोजत होते.

२० जुलै
सकाळी वासावरूनच कळलं. यांनी परत मार्गारिन आणलं.
"तुमच्या काळजात जाळी हाय, ध्यानात हाय का?"
"मी खात न्हाय. इकतो फक्त."
"आन् जे खात्यात?"
"आपुन न्हाय दिलं तर समोरचा देतोय."


२ ऑगस्ट
कळसचे तात्या आले. बायपास झालेली. "सूनबाई, पावशेर खारी दे. घरी सांगू नगंस." म्हटलं, तात्या, तुम्हाला नको ही. "आता मला किती जगायचंय?" यांनी मागून हात लांबवून पुडी दिली. पैसे मात्र मीच घेतले.

९ ऑगस्ट
हे भट्टीपाशी बसले होते. मिशीत खारीचा चुरा. मी बघितलं, यांनी मिशी पुसली.

१० ऑगस्ट
दुपारी हे डावा हात चोळत होते. "मैदा मळून दुखतोय." मैदा आता मशीन मळतं. बारामतीला चला म्हटलं.
"उद्या बाजार हाय. परवा बघू."
आत गेले, ट्रे लावायला लागले. मी संध्याकाळचीच गाडी सांगून ठेवलीय. दारात उभी राहील. हे बसतील का...