मुक्ताच्या दोन गिटारी

९ मार्च

जेवणाच्या टेबलावर गिटार उताणी. मुक्ताने तिचं पोट उघडलंय. आंघोळ करून आलो तर ताट ठेवायला जागा नाही.

सौ.: "मुलगी चाळिशीला आली, अजून खेळणी मोडून बघते."

मुक्ता मान वर न करता, "मोडत नाहीये आई, सुधारतेय."

मी ताट हातात घेऊन उभाच राहिलो. लाल-काळ्या वायरी, केसाएवढ्या तांब्याच्या तारेची गुंडाळी. एवढ्याशा पोकळीतून एवढा आवाज येतो! मी नोकरीत होतो तेव्हा अलोऱ्याच्या कॉलनीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आमचा रेडिओ धडधाकट असला तरी मी तिथे जाऊन बसत असे. तोच वास आज घरात. सोल्डरिंगचा, राळ जळल्यासारखा.

गिटार स्वस्तातली. मुंबईत पहिल्या नोकरीला लागली तेव्हा घेतलेली. पुढे नोकरी सोडली, मुंबई सोडली. आता इथे शाळेत चित्रकला शिकवते. गिटार तेवढी बरोबर आली.

१३ मार्च

हे सगळं कशासाठी, ते लिहून ठेवतो. देवळाच्या वैशाखातल्या उत्सवात गावातलीच माणसं नाटक करतात. ऑर्गन वाजवणारे गेले, तेव्हापासून पार्श्वसंगीताला मुक्ता. गेल्या वर्षी तिसऱ्या अंकात राणीचं हळू आवाजातलं गाणं, आणि गिटारीतून एकसारखं घूंऽऽ. भुंगा शिरल्यासारखं. मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, गिरण बंद करा!" मंडप हसला. मु.ने तिथल्या तिथे वायर काढली. उरलेलं नाटक कोरडं झालं.

आज दामूअण्णा आले. उत्सवाचं नाटक तेच बसवतात. "मुक्ता, यंदा नवं वाद्य घे गो बाई. हे पोराटोरांचं आहे."

ती म्हणाली, "यंदा वाजवते. पण पुन्हा घूं झालं ना दामूकाका, तर बास. मग गिटार देऊन टाकणार. पुन्हा हात लावणार नाही."

हसत म्हणाली. पण मी तिला लहानपणापासून ओळखतो. ही हसत म्हणते ते करते.

म्हणजे संध्याकाळचं घर मुकं.

१९ मार्च

मु.चं म्हणणं, गिटारीचं लाकूड वाईट नाही, कारखान्याने आतला माल हलका भरलाय. पिकअप नवे मागवलेत. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेले कान, तारांचं बोलणं तेच ऐकतात. खुंट्याही नव्या. जुन्या ढिल्या, सूर धरून ठेवत नाहीत.

दामूअण्णांचं मत: लाकूडच कच्चं. "उन्हाळ्यात आमचे दरवाजे आकसतात, तशी ही आकसते. पावसात बघा, कशी गप्प गाते."

हे मात्र खरं. गणपतीत वाजवते तेव्हा घूं नसते. फाल्गुन लागला की सुरू. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. स्वस्त लाकूड, दुसरं काय.

२६ मार्च

पार्सल आलं. दु. मी डुलकी सोडून तिच्यासमोर बसलो.

काय हात आहेत! मानेच्या टोकाला एक पांढरी पट्टी असते, तारा तिच्या खाचांतून जातात. त्या खाचा तिने बारीक कानशीने घासल्या. एकदा घासायचं, तार चढवायची, छेडायची, कान लावायचा, उतरवायची. पुन्हा. चित्रकलेच्या बाईंनी पेन्सिलला टोक काढावं तसं. मी विचारलं, "अजून किती?" तर, "ती सांगेल."

करवंटी घासून नखी केलीय, तारा छेडायला. म्हणते, प्लास्टिकपेक्षा आवाज मऊ येतो. सौ. कौतुकाने हातात घेऊन बघत होती. मी बघतोय म्हटल्यावर लगेच, "उद्या माझी खवणी न्याल."

२८ मार्च

जोडली. वाजवली.

काय लिहू. तीच गिटार, पण कोणीतरी तिच्या कानातला कापूस काढल्यासारखी. खालची तार वाजली तेव्हा छातीत कळलं. माझी चौथीतली नदीची कविता, गुरुजी मेजावर बोटं आपटत चालीत म्हणायचे ती, मु.ला लहानपणापासून माझ्या तोंडून पाठ. तिने तीच वाजवली. मंडणगडकडची ती एकशिक्षकी शाळा, शेणाने सारवलेली जमीन, गुरुजींचा घोगरा आवाज. गुरुजींपेक्षा सुरेल पुष्कळ ऐकले पुढे. कविता मात्र अजून त्या घोगऱ्या आवाजातच...

आणि कवितेच्या मागे, घूंऽऽ.

आहे तशीच.

मु.ने वायर काढली. गिटार भिंतीला टेकवली, भांडी घासायला गेली. भांडी घासायला आमच्याकडे बाई येते.

३ एप्रिल

तिने आत सगळीकडे तांब्याचा पत्रा चिकटवला, कागदासारखा पातळ. घूं आहेच.

सौ.चा हिशेब सरळ: "कान बदलले, खुंट्या बदलल्या, वायरी बदलल्या. आता जुनं काय उरलं? मग नवीच आणायची होती."

मु.: "मान तीच आहे."

"मान!" सौ. म्हणाली. "तुमच्या घराण्यात मानच तेवढी जुनी."

१० एप्रिल

सलील आला होता. मु.बरोबर कॉलेजात वाजवायचा. आता आखातात नोकरी लागलीय, उत्सव आटोपला की जाणार. त्याची गिटार विकायची आहे. मु.ला म्हणाला, "दुसऱ्या कोणाला द्यायची इच्छा नाही. तुझी ही दुरुस्त करत बसलीस तर आयुष्य जाईल. जाण्याआधी सांग. नाहीतर मुंबईचा एक जण मागे लागलाय."

सं. आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो, खाली बाजाराच्या अंगाला. पिकलेल्या जांभळाच्या रंगाची गिटार. वजनदार. मु.ने मांडीवर घेतली आणि खोलीत शांतता. घूं नाही, काही नाही. मग एकच सूर, तोही सावकाश विरणारा, पितळी घंटेसारखा. मी टाळी वाजवली. कोणी वाजवली नव्हती, मी वाजवली.

मु.चा चेहरा पाहिला. आवडलीय. आणि आवडली याचं तिला वाईट वाटतंय.

येताना रिक्षात म्हणाली, "अप्पा, चांगलं वाद्य चांगलंच असतं हो. उगाच हट्ट केला मी."

मी काहीतरी "हं" म्हटलं.

१७ एप्रिल

सलीलने ती उत्सव होईपर्यंत वापरून बघायला दिली. मु.ने घरी आणून जोडली.

घूंऽऽऽ.

मला आधी हसू आलं, मग भीती वाटली. मु. खाली फरशीवरच बसली. "ही पण? त्याच्याकडे गप्प होती ही!" वायर बदलली, प्लग बदलला, अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा खोका, माजघरातून पडवीत आणला. घूं आमच्या मागोमाग पडवीत.

दामूअण्णा खूश. "तुमच्या घरालाच गाणं येत असेल."

१९ एप्रिल

आज सकाळी सौ. मिक्सरवर वाटण करता करता ओरडली. "आल्या मेल्या मुंग्या!"

कसल्या मुंग्या? तर मिक्सरला हात लावला की हाताला मुंग्या येतात. फ्रिजलाही. "दर उन्हाळ्यात येतात. पाऊस लागला की जातात. तुम्हाला सांगितलं तर म्हणता वयामुळे."

मु. पोहे खाता खाता थांबली. "पाऊस लागला की जातात?"

"मग काय खोटं सांगते?"

आणि मला पोफळीच्या वीजघराचं स्टोअर आठवलं. मी तिथे कारकून. विजेतलं मला बिल सोडून काही कळत नाही. पण उन्हाळा लागला की स्विचयार्डची माणसं पोत्यांनी मीठ आणि कोळसा घेऊन जात. मी एकदा विचारलं, "मासे खारवताय काय रे?" तर त्यातला एक म्हणाला, "नाही साहेब. जमिनीला पाजतो. तहानली की वीज पीत नाही ती." इतकं सुंदर वाक्य मी कवितेसारखं लक्षात ठेवलं. इतकी वर्षं नुसतं म्हणत राहिलो, अर्थ कधी पुसला नाही.

हे मु.ला सांगितलं. ती पोहे टाकून उठली. "अप्पा, अर्थिंग! आपलं घर सड्यावर. खाली सगळा कातळ! सलीलचं खाली मातीत!"

सौ.: "म्हणजे गिटारीला काही झालेलंच नव्हतं?"

मु. तोवर चपला घालून अंगणात, अर्थिंगचा खड्डा शोधायला.

२० एप्रिल

अर्थिंगचा खड्डा सापडला, सौ.च्या अबोलीखाली. वायरमन आला. घर बांधताना हातभर खणून कातळ लागला तिथेच काम थांबवलेलं. वर माती भुरभुरीत कोरडी. जोडणीची पट्टी गंजून पापुद्रा झालेली. पावसात ओल असायची तोवर निभायचं.

अबोली हलवली (सौ.ने स्वतः, कोणाला हात लावू दिला नाही). परसातला मातीचा पट्टा आहे तिथे नवा खड्डा खोल घेतला, नवा पाइप, मीठ, कोळसा, वरून पाणी. मी पाइपने पाणी घालत कविता म्हणत होतो. वायरमन मु.ला हळूच, "साहेब बरे आहेत ना?"

सं. मु.ने आपली जुनी गिटार जोडली. अँपचा लाल दिवा लागला. बटण पुरतं फिरवलं. शेजारच्यांच्या गोठ्यातलं वासरू ओरडलेलं ऐकू आलं, एवढी शांतता.

मग वाजवली.

मी मघापासून हे पान उघडून बसलोय. वर्णन जमत नाही. तिने त्या गिटारीत एवढं काम केलं होतं आणि आम्ही कोणी ते ऐकलंच नव्हतं.

२३ एप्रिल

आता खरा पेच. घूं होती तोवर सोपं होतं, जुनी वाईट. आता दोघी गप्प, दोघी गातात.

मु. आलटून पालटून वाजवते. म्हणते, "सलीलच्या गिटारीवर बोट नुसतं ठेवलं तरी सूर येतो. माझ्याकडून चूक झाली तरी सांभाळून घेते."

"आणि तुझी?"

"माझी चहाडखोर आहे. जरा बोट घसरलं की सगळ्यांना सांगते."

"मग सलीलची घे."

"हो ना," म्हणाली. आणि तास झाला तरी चहाडखोरच वाजवत होती.

३० एप्रिल

तालमी रंगात, खाली शाळेच्या खोलीत. मु. दोन्ही घेऊन जाते. दामूअण्णांना आता गिटारीतलं सगळं कळतं. "दरबाराच्या प्रवेशाला ती जांभळी. राणीच्या गाण्याला ही." मु. ऐकून घेते. मुंबईहून चाकरमानी आलेत, मंडपाशी रोज गर्दी.

मला धास्ती देवळाची. देऊळ तर भर सड्यावर.

५ मे

काल नाटक झालं. आज लिहितो.

मु. उन्हं उतरताना अँप घेऊन देवळात गेली. जोडलं, आणि घूंऽऽ. मंडपवाल्याची वायर देवळामागच्या खड्ड्याला जोडलेली, खड्डा ठणठणीत कोरडा. मी मु.कडे बघेना. तिने मात्र सरळ हाक मारली, "दामूकाका, पाणी लागेल. पुष्कळ."

"देवाला अभिषेक ठीक आहे गो. खड्ड्याला कसला?"

"राणीचं गाणं हवंय ना?"

त्या वेळी मोकळी माणसं म्हणजे रंगपटातलीच. विहिरीपासून खड्ड्यापर्यंत रांग लागली. राजाची एकच मिशी चिकटवलेली, हातात कळशी. मागे प्रधान, जरीच्या अंगरख्याचा घोळ कमरेला खोचून. राणीचं काम करणारी पतपेढीतली बाई पैठणी सावरत बादली पुढे देत होती. स्वैपाकाच्या मांडवातून अर्धं पोतं मीठ आलं. आचारी विचारतोय, "आमटीचं काय?" पोरं ओरडताहेत, "राजा पाणक्या झाला!" आणि राजा पोरांना एका मिशीने हसतोय.

मु. अँपशी गुडघे टेकून. घूं हळूहळू बारीक होत गेली. भुंगा लांब जावा तशी. मग नाही.

तिसऱ्या अंकात राणीचं गाणं जुन्या गिटारीवर वाजवलं. एवढा मंडप, चाकरमानी, पोरंबाळं, भेळेच्या गाड्या. कोणी खोकलं नाही. मी पहिल्या रांगेत. मला माझ्या मुलीचं बोट तारेवरून सरकताना होणारी बारीक सळसळसुद्धा ऐकू आली. सौ.ने माझा हात धरला होता, मंडपात, सगळ्यांसमोर.

दामूअण्णा नंतर: "पुढच्या वर्षी संगीत नाटकच घेऊ काय गो?"

मु.: "बघू."

गेल्या महिन्यापर्यंत "बास" होतं. "बघू" मला पुष्कळ.

सलीलही आला होता. जाताना म्हणाला, "काका, ते गाणं माझ्या गिटारीवर असं आलं नसतं." मग थोडं थांबून, "पण दरबार तिच्या जुन्या गिटारीवर आला नसता." प्रामाणिक मुलगा.

७ मे

सलील उद्या निघणार. उत्तर न्यायला सकाळीच आला. पडवीत बसवला, सौ.ने चहा आणि फणसाचे गरे आणून ठेवले. आतून गिटार वाजत होती. मु.ला तो आल्याचं कळलं असावं, फटफटीचा आवाज केवढा! पण ती बाहेर आली नाही. वाजवत राहिली. नवीनच काहीतरी, नाटकातलं नाही, माझ्या कवितेचं नाही. एकेक तुकडा, मोडून, पुन्हा जोडून.

सलीलने भुवया उडवून मला खुणेने विचारलं, कुठली?

मी मान हलवली. ठाऊक नाही.

उठून दारातून डोकावलं असतं तर कळलं असतं, पण वाजणं थांबलं असतं. चार पावलांवर दार. तो उठला नाही, मीही नाही. सौ.ने तोंड उघडलं, तिलाही मी हातानेच थांबवलं.

चहा गार झाला. वाजतंय अजून.